अलॉय व्हीलवरचे डाग: बाटली उघडण्याआधी डाग कुठे बसलाय ते बघा

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात गफलत झाली असेल तर तुम्हाला सांगता येईल. गाडी 7 वर्षांची, रत्नागिरीत घराबाहेर उघड्यावर उभी असते. अलॉय कंपनीचेच. पुढच्या दोन चाकांवर बारीक चॉकलेटी ठिपके आहेत, ते शांपूने हलत नाहीत. चारही चाकांवर पांढरट ओघळ आहेत. एका चाकाच्या कडेला आतल्या आत पांढऱ्या दोऱ्यांसारखं काहीतरी पसरत चाललंय. आणि महिन्यापूर्वी वॉशिंग सेंटरवर ‘अ‍ॅसिड वॉश’ करून घेतल्यापासून मागचं एक चाक धुरकट झालंय. लिंबू-सोडा झाला, टूथपेस्ट झाली. आता संडास साफ करायचं लिक्विड लावून बघू का, की सरळ चाकंच बदलू, असं तुम्ही विचारताय.

लिक्विड लावू नका. चाकंही बदलू नका, निदान एवढ्यात तरी नाही.

तुमच्या गाडीला एक नाही, चार वेगवेगळी दुखणी आहेत. ताप, खरूज, मुका मार आणि गुडघेदुखी यांवर एकच गोळी चालत नाही, तसंच हे आहे. डाग कशाचा आहे हे तर बघायचंच, पण त्याआधी तो कुठे बसलाय ते बघायचं: लॅकरच्या (चाकावरच्या पारदर्शक थराच्या) वर, लॅकरमध्ये, लॅकरच्या खाली, की थेट धातूत. एवढं कळलं की अर्धं काम झालं. न बघता केलेल्या उपायांनी चाकं जितकी खराब होतात, तितकी धुळीने आणि चिखलाने होत नाहीत, हे मी रोज बघतो.

मी कोल्हापुरात गाड्यांचं डिटेलिंग करतो, 14 वर्षं झाली. त्याआधी 6 वर्षं गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगच्या बफिंगवर होतो. आंबा घाट चढून येणाऱ्या तुमच्याकडच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात, त्यामुळे खाऱ्या हवेतलं चाक मला लांबून ओळखू येतं.

आता थोडं धातूबद्दल. अलॉय चाक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आठवा. त्यात सोडा घालून काही उकळलं की ते आतून काळपट पडतं, आणि चिंचेचं काही शिजवलं की लख्ख निघतं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा एक थर आपोआप बसतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण धातूला तोच राखतो. साधारण पीएच 4 ते 8.5 या टप्प्यात हा थर टिकतो. पीएच 4 च्या खाली गेला की अ‍ॅसिड थराला खातं आणि 8.5 च्या वर गेला की कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार, खातो. म्हणून ‘अ‍ॅसिड नको ना, मग कॉस्टिकवालं डिग्रीझर मारतो’ असं कुणी म्हणालं तर त्यालाही थांबवा. कारखान्यात लोखंडाचे तेलकट पार्ट आम्ही कॉस्टिकच्या टाकीत बुडवायचो. एकदा एका नवीन पोराने चुकून त्यात अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर टाकलं. टाकीला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे आले, तो हायड्रोजन. कव्हर बाहेर काढलं तेव्हा हाताला काजळीसारखा काळा थर लागला आणि त्यावरची उठावाची अक्षरं बोथट झाली होती. चाकं ज्या मिश्रधातूची ओततात त्यात बहुधा 7 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि सिलिकॉन मागे राहतं, ती ही काजळी.

कंपनीच्या चाकावर मात्र सहसा उघडा धातू नसतो. प्रायमर, त्यावर सिल्व्हर किंवा ग्रे रंग, आणि वर पारदर्शक लॅकर, ज्याला पेंटर लोक नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. तुम्ही जी चमक म्हणताय ती बहुतेक वेळा या क्लिअरची चमक असते. दुसरा प्रकार डायमंड कट. त्यात चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून धातू चकचकीत केलेला असतो आणि वर क्लिअर असतं. नीट निरखून बघितलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा दिसतात. तिसरा उघडा पॉलिश केलेला धातू, तो जुन्या किंवा बाहेरून घेतलेल्या मॅगव्हीलवर भेटतो.

तुमचं चाक कोणतं हे फोटोवरून मी ठामपणे सांगू शकत नाही, पण तुम्हाला 2 मिनिटांत कळेल. चाकाचा एक कोपरा धुऊन कोरडा करा. पांढऱ्या सुती कापडावर वाटाण्याएवढं मेटल पॉलिश घ्या आणि सहज दिसणार नाही अशा जागी, म्हणजे चाकाच्या आऱ्याच्या (स्पोकच्या) आतल्या अंगाला, 20-25 वेळा घासा. कापड काळं झालं तर तुम्ही उघड्या धातूवर घासताय. ते काळं म्हणजे निघून आलेला ऑक्साइड आणि धातूचे कण. कापडावर पॉलिशचाच रंग राहिला तर वर क्लिअर शाबूत आहे. आणि त्या धुरकट चाकावर हीच चाचणी धुरकट भागावरच करा, कारण त्या चाकाचं पुढचं सगळं या कापडाच्या रंगावर ठरणार आहे.

आता चॉकलेटी ठिपके. ते पुढच्या चाकांवरच जास्त आहेत असं तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतो, त्याची धूळ आतच कोंडून राहते. पुढे डिस्क असते बिडाची. पॅड घासला की पॅडची पूड आणि लोखंडाचे तापलेले कण उडतात आणि क्लिअरवर जाऊन रुततात. पुढे दमट हवेत त्या कणांना गंज चढतो. तुमच्या चाकाला गंज आलेला नाही, अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज येतच नाही. चाकात रुतलेलं ब्रेकचं लोखंड गंजलंय. आंबा घाट उतरताना पूर्णवेळ ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांची चाकं जास्त माखतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी उतरवलीत तर चाकंही स्वच्छ राहतील आणि ब्रेकही तापणार नाहीत.

यावर औषध म्हणजे आयर्न रिमूव्हर. दुकानात याच नावाने मागा आणि बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलंय का ते बघा. यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्याच घराण्यातलं, म्हणून वासही तसाच उग्र. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं. चाक थंड हवं, सावलीत हवं. आधी नुसत्या पाण्याने चिखल उडवा, मग फवारा. मिनिटाभरात एकेका ठिपक्यातून जांभळे ओघळ सुटतात, जणू जांभळं ठेचल्यासारखे. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, पण घाबरू नका, काम चालू आहे. 3 ते 5 मिनिटं थांबा, वाळू मात्र देऊ नका, मऊ ब्रशने हलवा आणि भरपूर पाण्याने धुवा. 7 वर्षांचे ठिपके पहिल्या हाताला सगळे जाणार नाहीत. दुसऱ्यांदा करा, फार तर तिसऱ्यांदा, त्याच दिवशी त्याहून जास्त नको. हातमोजे घाला आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नका. एवढं करूनही राहिलेल्या ठिपक्यांवर क्ले बार (डिटेलिंगची मऊ, चिकट वडी) ओल्या शांपूच्या पाण्यात हलक्या हाताने फिरवा, तो कण उचलून घेतो. तारेची घासणी किंवा भांड्यांची हिरवी घासणी चाकाला लावायची नाही. ती ठिपका काढते आणि त्या जागी जन्माचे ओरखडे ठेवून जाते.

पांढरे ओघळ हा सोपा भाग आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती तशीच उन्हात वाळू दिली की क्षार मागे राहतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घ्या, कापड भिजवून डागावर मिनिटभर टेकवा, धुवा. हे क्लिअर शाबूत असलेल्या चाकासाठी सांगतोय. उघड्या धातूवर तेच व्हिनेगर रेंगाळू देऊ नका, लावलं की लगेच धुवा. लिंबू-सोड्याने तुमचं काही झालं नाही कारण लिंबातलं आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवतात. फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच. डांबराचे काळे थेंब असतील तर कापडावर थोडं रॉकेल किंवा टार रिमूव्हर, आणि त्यामागून लगेच शांपू.

आता तो पांढऱ्या दोऱ्यांचा विषय. हा ऐकायला वाईट आहे, पण स्पष्ट सांगतो: तो वरून धुऊन, घासून, पॉलिश करून कधीच जाणार नाही, कारण तो क्लिअरच्या खाली आहे. कुठेतरी खडा लागून किंवा फूटपाथला घासून क्लिअरला टवका गेला, तिथून खारी दमट हवा आत शिरली आणि धातू क्लिअरखालून कुरतडला जाऊ लागला. वाळवी भिंतीत सरकावी तसा तो पुढे सरकतो, म्हणूनच दोऱ्यांसारखा दिसतो. समुद्राकाठच्या गाड्यांना हे फार होतं, आणि डायमंड कट चाकांना सगळ्यात जास्त, कारण तिथे कापलेला धातू आणि हवा यांच्यामध्ये केसापेक्षा पातळ क्लिअर सोडून काहीच नसतं. इलाज एकच: त्या चाकाचं क्लिअर आणि रंग उतरवायचा, पांढरी बुरशी संपून निरोगी धातू लागेपर्यंत घासायचं, मग प्रायमर, रंग, क्लिअर. हे काम चांगल्या पेंटरचं. 2के क्लिअरच्या (हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरच्या) फवाऱ्यात आयसोसायनेट असतं, त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही, त्यामुळे घराच्या पोर्चमध्ये तो प्रयोग करू नका.

चाक डायमंड कट निघालं तर दुकानदार ‘परत लेथवर कट मारून नव्यासारखं करून देतो’ म्हणेल. मारता येतो, पण दर वेळी धातूचा एक थर जातो, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करता येत नाही. पुण्यातल्या, बंद पार्किंगमधल्या गाडीला मी हो म्हणतो. रत्नागिरीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला माझा सल्ला सरळ आहे: कटचा मोह सोडा, पूर्ण चाक सिल्व्हर किंवा गनमेटल रंगवून घ्या. रंग आणि प्रायमरचा थर धातूला जास्त वर्षं सांभाळेल. काही ठिकाणी पावडर कोटिंग करून देतात. ते टिकाऊ आहे, पण त्यात चाक 180-200 अंशांच्या भट्टीत जातं, आणि ओतीव चाकाची ताकद कारखान्यातल्या उष्णता प्रक्रियेवर ठरलेली असते. भट्टीचं तापमान आणि वेळ किती ठेवतात हे ज्याला सांगता येत नाही त्याला चाक देऊ नका. आणि चाकाला बारीकशी जरी तडा दिसली तर चमक वगैरे विसरा, ते चाक बदलायचं. त्यावर वेल्डिंग करून घेऊन घाटात जाऊ नका.

राहिलं ते धुरकट चाक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात तुमची फसगत झाली आहे आणि रोज कुणाची ना कुणाची होते. बऱ्याच सेंटरवर लेबल नसलेल्या कॅनमधून ‘अ‍ॅसिड’ मारतात. त्यात कधी हायड्रोक्लोरिक असतं, कधी हायड्रोफ्लुओरिकही असतं. क्षणात चाक पांढरंशुभ्र होतं, गिऱ्हाईक खूश. पण ते नटांवर, व्हॉल्व्हवर, ब्रेकच्या भागांवर ओघळतं, आणि धुवायला दोन मिनिटं उशीर झाला की क्लिअर करपतं. त्यातही हायड्रोफ्लुओरिक माणसासाठी भयंकर आहे. सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच आगही होत नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो, कारण ते खोल जाऊन शरीरातलं कॅल्शियम पकडतं. ते उघड्या हाताने मारणारी पोरं 18-20 वर्षांची असतात. तुम्ही गाडी धुवायला दिलीत तर आधीच सांगा, चाकाला अ‍ॅसिड नको, फक्त शांपू. त्यात चाकाचं भलं आहेच, त्या पोराचंही आहे.

तुमच्या चाकाचं काय करायचं ते कापड सांगेल. धुरकट जागेवर कापड काळं झालं नाही, म्हणजे क्लिअर वरवर भाजलंय पण जागेवर आहे. मग गाडीच्या बॉडीला वापरतात ते बारीक फिनिशिंग पॉलिश घ्या आणि फोमच्या पॅडने हाताने छोट्या जागेत गोल गोल फिरवा. पुसा, बघा, परत करा. जाड रबिंग कंपाउंडने सुरुवात करू नका. क्लिअर मुळातच पातळ आहे, पुन्हा मिळणार नाही. तळहाताएवढ्या जागेत दोन-तीन फेऱ्यांत धूर विरळ झाला तर बाकीचं चाक करा. नाहीच झाला तर तिथेच थांबा.

कापड काळं झालं, तर क्लिअर गेलंय. मग दोन वाटा आहेत: वर सांगितल्याप्रमाणे रंगवून घेणं, किंवा पूर्ण क्लिअर उतरवून धातू पॉलिश करणं. दुसरी वाट करायची असेल तर तयारीने करा. वॉटर पेपर 400 पासून, मग 600, 800, 1000, 1500, 2000, साबणाच्या पाण्यात भिजवून. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने चालवायचा, आणि आधीच्या सगळ्या रेघा मिटल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. बफिंगमध्ये हे मला वर्षभर मार खाल्ल्यावर कळलं. 600 ची एक रेघ राहिली तर ती 2000 ला दिसत नाही, पण पॉलिश मारल्यावर उन्हात चांदीच्या ताटावर सुरीने ओढल्यासारखी चमकते, आणि मग सगळं मागे जाऊन करावं लागतं. शेवटी मेटल पॉलिश आणि सुती कापड. कापड काळंकुट्ट होत जातं आणि त्या काळ्या चिखलाखालून आरसा वर येतो. एका चाकाला 3-4 तास धरून चाला. पण उघडा धातू तुमच्या हवेत काही आठवड्यांत मंदावायला लागेल आणि दर महिन्याला मेटल पॉलिश मागेल. ज्याला रविवारी हे करायला आवडतं त्याने करावं. बाकीच्यांनी रंग.

एक माझी चूक सांगतो, तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून. धंदा सुरू केला त्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं डायमंड कट चाक मी उघडं अ‍ॅल्युमिनियम समजून मशीनवर बफला लावलं. कापडाची चाचणी केली नव्हती, हाताला सवय होती म्हणून विश्वास ठेवला. क्लिअर जागोजागी जळून पिवळं पडलं, लेथच्या रेघा मधेच पुसल्या गेल्या. चाक माझ्या खर्चाने परत करून दिलं. तेव्हापासून कितीही घाई असली तरी पांढरं कापड घेतल्याशिवाय मी चाकाला हात लावत नाही.

स्वच्छ झाल्यावर चाक नुसतं ठेवू नका. पूर्ण कोरडं करून त्यावर व्हील सीलंट किंवा साधं गाडीचं वॅक्स लावा, आतल्या बाजूलाही. डिस्कवर मात्र वॅक्सचा कणही जाता कामा नये. पुढच्या वेळी ब्रेकची धूळ नुसत्या शांपूने सुटेल. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने मीठ उतरवा, पावसाळ्यातसुद्धा. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेलीत तर त्याच दिवशी. चाकांची बादली आणि कापड वेगळं ठेवा, नाहीतर तीच लोखंडी पूड बॉनेटवर घासली जाईल. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकावर गार पाणी मारू नका, डिस्क वाकडी होण्याची भीती असते. धुऊन झाल्यावर गाडी हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होते. कामासाठी चाक काढलंत तर नट आडव्या-उभ्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा आणि 50-100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

सगळी चाकं एकदम काढून बसू नका. येत्या रविवारी ऊन चढायच्या आत पुढचं एकच चाक घ्या, त्यावर आयर्न रिमूव्हर आणि व्हिनेगर करून बघा. त्याच वेळी मागच्या धुरकट चाकावर मेटल पॉलिश घेतलेलं पांढरं कापड 20-25 वेळा घासा. कापडाचा रंग काय आला आणि चाकावर त्या गोल रेघा दिसतात का, एवढं कळवा, म्हणजे त्या चाकाला पॉलिश की पेंटर ते सांगतो.